पिस्टनवरचे ओरखडे

कोल्हापूर,
२३ नोव्हेंबर, रात्री

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, जुन्या पिस्टनवर हे उभे ओरखडे कसले?" आणि मी म्हणालो, आवाज तुटतोय, नंतर बोलू. आवाज अजिबात तुटत नव्हता. आई समोर शेंगा सोलत बसली होती, म्हणून फोन ठेवला. आता ती झोपलीय.

आधी तुझ्या कामाबद्दल. फोटो मोठे करकरून पाहिले. सिलिंडरच्या पाकळ्यांमधला तेला-मातीचा गाळ, सायलेन्सरच्या तोंडातला कोळसा, सगळं निघालंय. बावीस वर्षं गोठ्यात पोत्याखाली पडलेलं आपल्या येझदी मोटारसायकलचं इंजिन आहे हे कुणाला सांगून पटणार नाही. मामाला दाखवले फोटो. तो म्हणाला, पोरीनं मेकॅनिकलला घालवलेले पैसे वसूल केले. मी काही बोललो नाही, पण मोबाईल त्याच्या हातातून लवकर परतही घेतला नाही.

फक्त एक. ते तुझ्या मित्रांनी क्रँककेस बफ करून आरशासारखी केलीय ना, ती मला आवडली नाही. ओतकामाला स्वतःचा एक मंद रंग असतो. आपण उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेली माणसं, आपल्याला तरी तो कळायला पाहिजे. असो, झालं ते झालं.

कार्बन कशानं खरवडलास? स्क्रू ड्रायव्हरनं नाही ना? ॲल्युमिनियमवर लोखंड लागलं की चर पडते आणि पुढच्या वेळी कोळसा आधी त्या चरीतच बसतो. बांबूची चिपाटी घ्यायची. रिंगेच्या खाचेसाठी जुन्या रिंगेचाच तुकडा, त्याच्यासारखं दुसरं हत्यार नाही. आणि फोटोत गॅलरीत पेट्रोलची तसराळी दिसली, मागे खिडकीत गीझर. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल वापर. पेट्रोलची वाफ दिसत नाही, जमिनीलगत सरकत जाते. गजन पिनीची, म्हणजे पिस्टन दांड्याला जोडणाऱ्या पिनीची लॉकं नवीन घातलीस का? जुनी परत घालू नकोस. दहा रुपयांचं लॉक सुटून आख्खा बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अंग, खरवडलेला मी माझ्या मशिनवर कितीदा पाहिलाय.

बघ, पत्र लिहायला बसलो आणि तासच सुरू केला. तुला हे सगळं येतं.

बोअर तासायला सिलिंडर मात्र इकडे पाठवायला हवा होतास. पुण्यात कुणी केला, कसा केला, मला काय माहीत. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांचे बोअर केले आणि घरच्या गाडीचा पुण्यात झाला, हे जरा लागलं. पण तू पाठवलेल्या फोटोत मायक्रोमीटरवर ६५.७५ दिसलं तेव्हा समाधान वाटलं. मूळ बोअर ६५ मिलिमीटर, जुन्या पिस्टनच्या डोक्यावर ०.५० ठोकलेलं, म्हणजे आता ०.७५. नवा पिस्टन अण्णांच्या ट्रंकेतलाच ना? येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला तेव्हा अण्णांनी दोन पिस्टन आणि रिंगांचे तीन सेट आणून ग्रीसच्या कागदात गुंडाळून ठेवले होते. घरात चेष्टा व्हायची, म्हातारा सोनं साठवतोय म्हणून.

आता ओरखड्यांचं.

तुला माहीत आहे की दादाच्या हनुवटीवरचा व्रण पायरीवरून पडल्याचा आहे. आपल्या घराला तेव्हा पायरीच नव्हती. तुझ्या कधी लक्षात आलं नाही, बरं झालं.

१९८८चा मे महिना. येझदीला नुकताच बोअर केला होता, मीच केला होता, माझ्या मशिनवर. चारशे किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. आईला माहेरी रत्नागिरीला जायचं होतं. अण्णा म्हणाले, एसटीनं जा, गाडी अजून मुरली नाही. मी ऐकलं नाही. मागे आई, पुढे टाकीवर तीन वर्षांचा दादा. मलकापूरपासून जरा ताणलीच, कारण ऊन वर यायच्या आत खाली उतरायचं होतं. आंबा गाव मागं टाकलं, उतार लागला. तिसरा गिअर, रेस पूर्ण सोडलेली. म्हटलं, फुकट चाललीय, पेट्रोल वाचतंय.

तुला माहीत आहे, तरी लिहितो. आपल्या गाडीत तेलाची वेगळी सोय नाही. पेट्रोलमधून जाईल तेवढंच तेल. रेस सोडली की पेट्रोल थांबलं, पेट्रोल थांबलं की तेल थांबलं. पण चाक उतारावर फिरतंय, गाडी गिअरमध्ये आहे, म्हणून पिस्टन वरखाली करतोच आहे. कोरडा. आधीच तापलेला. पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या बिडापेक्षा, ओतीव लोखंडापेक्षा, जास्त फुगतं. सायलेन्सरच्या अंगाला सगळ्यात जास्त ताप, तिथंच पिस्टन पकडला, जाम झाला. उलटसुलट वळणावर मागचं चाक एकदम थांबलं. ब्रेक न लावता. टायर घासल्याचा जो आवाज आला तो मी अजून ऐकतो.

क्लच दाबला असता तर चाक सुटलं असतं. एवढंच करायचं होतं. पण या गाडीत गिअरचा दांडा पायानं दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे डाव्या हाताला आळस लागतो. माझा हात क्लचवर नव्हता, दादाच्या पोटावर होता. तो चुकीच्या जागी होता असंही म्हणवत नाही. गाडी खडीवर घसरली, दादाची हनुवटी टाकीच्या झाकणावर आपटली. आईचं मनगट. साखरप्यात सहा टाके घातले. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, मी म्हणालो, पायरीवरून. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि तीही तेच म्हणाली. पुढं अण्णांनाही तेच सांगितलं. अण्णांनी पिस्टन खोलला तेव्हा त्यांना कळलंच असणार. ते एवढंच म्हणाले, "पॉलिश पेपर घे." नवीन पिस्टनला पैसे नव्हते. मीच शून्य नंबरनं घासून तो परत बसवला. तुझ्या फोटोत दिसतायत ते माझ्या घासण्यातून उरलेले.

आई माहेरी अजून एसटीनंच जाते. तू तिला हसायचीस, गाडी दारात असून काय एसटी म्हणून.

तर, ही गाडी घेऊन ताम्हिणी घाटात जायचं तुझं.

मी नको म्हणणार नाही. त्या दिवशी "टेम्पोत घालून ने" म्हणालो आणि तू फोन आपटलास, ते बरोबरच होतं. मागच्या वर्षी ताईच्या लग्नाच्या कार्यालयात सगळ्यांसमोर बोललो तेव्हासुद्धा मला असंच काहीतरी म्हणायचं होतं आणि तोंडातून दुसरंच गेलं. पण पहिले ५०० किलोमीटर सपाटीला काढ. मुळशीपर्यंत जा, धरणावर भजी खा, परत ये. पन्नासच्या वर नको. तेल लिटरला ४०ऐवजी ५० मिली घाल, धूर झाला तर होऊ दे, शेजारी ओरडतील तर ओरडू देत. प्रत्येक वेळी थांबलीस की प्लग काढून बघ. चहासारखा रंग आला तर ठीक. पांढरा दिसला तर पुढं जाऊ नकोस, कुठून तरी हवा खातंय, क्रँकचा सील बघ.

आणि उतारावर रेस पूर्ण सोडून बसू नकोस. मधून मधून क्लच दाबून जरा रेस दे, तेवढंच तेल आत जातं. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर. पायावर भरवसा ठेवू नकोस. इंजिनचा आवाज जरा जरी घोगरा झाला, ओढ कमी वाटली, की आधी क्लच, मग विचार.

क्लचचं एकदाच लिहायचं असं ठरवून बसलो होतो. वर वाचून पाहिलं, हे दुसऱ्यांदा. माफ कर. तू गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवतेस, हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलेलं नाही. पाचवीत असताना किक मारायला दांड्यावर दोन्ही पायांनी उभी राहायचीस, दांडा उलटा फिरला आणि नडगीवर बसला. रडली नाहीस. परत चढलीस. अण्णा ओट्यावरून म्हणाले, "हिला गाडी द्या रे." आम्ही हसलो. ते हसत नव्हते.

परवा तू इंजिन चालू झाल्याचा आवाज पाठवलास. सकाळी सहाला ऐकला, मग अंघोळीच्या आधी एकदा, मग दुपारी. दोन सायलेन्सरचा तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दारात उभी राहिली, आणि काही न बोलता परत गेली. तिला ताम्हिणीचं अजून सांगितलेलं नाही. तू सांग. मी सांगितलं तर तिला माझ्या तोंडावर आंबा घाटच दिसेल.

दादाला सांगायचं आहे. तो रविवारी येतोय. छत्तीस वर्षं पायरी म्हणत आलो, आता कुठून सुरुवात करायची कळत नाही. त्याच्या पोराला सायकल शिकवताना तो मागचं सीट धरून पळत असतो, सोडतच नाही. ते बघून मला कसंतरी होतं.

आईनं पार्सल भरलंय. लाडवांच्या डब्याखाली वर्तमानपत्रात फिलर गेज आहे, फट मोजायच्या पात्यांचं, अण्णांचं. पॉइंटची फट त्यानंच लाव, ०.४ मिलिमीटरची पाती, तिच्या टोकाला त्यांनी कानशीनं खूण केलीय. पार्सलातला कंडेन्सरही नवीन आहे.

जुना पिस्टन भंगारात देऊ नकोस. तो जास्त घासूसुद्धा नकोस. तेलाचं बोट फिरवून फडक्यात बांधून ठेव. मी डिसेंबरात येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुझे
बाबा