हा नुसता विसरभोळेपणा नव्हे

महोदय,

चाळीस वर्षं संक्रांतीला गुळाच्या पोळ्या करणारी आमची आई मागच्या वर्षी गूळ किसून तशीच बसून राहिली. पुढे काय करायचं, तेच तिला सुचेना. त्याआधी राजवाड्याहून रामबागेत घरी येताना ती दोनदा वाट चुकली होती, भाजीवाल्याच्या हिशेबात अडत होती, एकच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारत होती. आम्ही म्हणत राहिलो, 'वय झालं, चालायचंच.' यात दीड वर्ष गेलं, त्याची खंत फार आहे.

चष्मा कुठे ठेवला हे कोणीही विसरतं. पण तो फ्रिजमध्ये सापडणं आणि वर 'कोणी तरी चोरला' असा संशय वारंवार घेणं, ही निराळी गोष्ट. साधे शब्द न आठवणं, माणसांत जायला नको म्हणणं, हीसुद्धा अल्झायमरची, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू हिरावणाऱ्या मेंदूच्या आजाराची, सुरुवात असू शकते. 'असू शकते' म्हणते, कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांतही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून तपासणी हवीच. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. तरी लवकर कळलं, तर लक्षणांवर औषधं घेता येतात आणि बँकेचे, घराचे निर्णय त्या माणसाला स्वतःच्या मर्जीने घेता येतात.

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. इंदूरच्या मराठी मंडळांनी यंदा गणेशोत्सवातली एक संध्याकाळ ज्येष्ठांच्या स्मृती-तपासणीसाठी ठेवावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, रामबाग, इंदूर