ब्रेल पाट्या बोटांसाठी असतात

संपादक महोदय,

4 जानेवारीच्या ब्रेल दिनाच्या आसपास कुठल्या तरी कार्यालयात किंवा स्थानकावर ब्रेल पाट्या बसवल्याची बातमी येतेच. पाट्या लागतात हे चांगलेच. पण त्यांतल्या बऱ्याच पाट्या बोटांना वाचता येत नाहीत. ठिपके फोटोत उठून दिसावेत म्हणून मोठे केलेले असतात.

लुई ब्रेल यांनी नेमकी हीच अडचण दूर केली होती. ठिपक्यांची कल्पना मूळची चार्ल्स बार्बिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची. 1821 मध्ये ती पॅरिसच्या अंधशाळेत पोहोचली. पण त्यांच्या एका चिन्हात बारापर्यंत ठिपके, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगांत. बोटाच्या टोकाखाली ते मावत नसे. शिवाय सगळी मांडणी उच्चारांवर, शुद्धलेखनाला जागाच नाही. ब्रेल यांनी पंधराव्या वर्षी, 1824 मध्ये, उंची निम्म्यावर आणली: तीन-तीनच्या दोन रांगा, 63 चिन्हे, प्रत्येक एका स्पर्शात कळणारे. (शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली 1854 मध्ये, ब्रेल गेल्यावर दोन वर्षांनी!)

तेव्हा मापात सूट नको. घरातल्या (म्हणजे एका चिन्हाच्या सहा ठिपक्यांच्या जागेतल्या) दोन ठिपक्यांत साधारण 2.5 मिलिमीटर, एका घरापासून पुढच्या घरापर्यंत 6, ओळीपासून ओळीपर्यंत 10, ठिपक्याची उंची अर्धा मिलिमीटर. माथा गोल हवा. सपाट ठिपक्याची कड बोचते. स्टिकरवर नुसत्या शाईने छापलेल्या ठिपक्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मराठी मजकुरात वेगळाच घोळ होतो, कारण फॉन्ट बदलला की ब्रेल झाले असे डिझायनर धरून चालतात. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, स्वर आणि त्याची मात्रा यांना एकच चिन्ह आहे. म्हणून ‘मुंबई’ लिहिताना ब आणि ई यांच्यामध्ये अ घालावा लागतो. तो राहिला की बोटाला ‘मुंबी’ लागते. ‘मुख्य’मध्ये हलन्ताचा ठिपका, म्हणजे चार नंबरचा (उजव्या रांगेतला सर्वांत वरचा), ख च्या आधी येतो. संगणकावर टाइप करतो तसा तो नंतर टाकला तर य ला चिकटतो आणि ‘मुखय्’ होते. कारागिराने पाटी उलटी ठोकली तर न चा ध होतो, तो भाग निराळाच.

पाटी दाराच्या पल्ल्यावर नको. कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर हवी. आणि कंत्राटदाराचे बिल काढण्याआधी भिंतीवर लागलेली पाटी ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावी, ही अट निविदेतच घालावी.

— एक ब्रेल मुद्रितशोधक, पुणे