बोटीच्या इंजिनाला मोटारीचे सुटे भाग नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीला आग लागली की कारण म्हणून बहुधा ‘शॉर्टसर्किट’ सांगितले जाते आणि चर्चा तिथेच थांबते. ठिणगी कुठून आली हे शोधायलाच हवे. पण ती पडली तेव्हा पेटण्याइतकी पेट्रोलची वाफ तिथे का साचली होती, हे त्याआधी विचारले पाहिजे. माझ्या मते यातील बराच दोष मोटारीच्या सवयीने बोट हाताळण्याकडे जातो.

मोटारीतून गळलेले पेट्रोल रस्त्यावर पडते आणि त्याची वाफ वाऱ्यावर उडून जाते. बोटीत पाणी शिरू नये म्हणून तळ बंदिस्त केलेला असतो आणि तोच वाफही बाहेर जाऊ देत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती खाली उतरून बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, साचून राहते. हवेत तिचे प्रमाण जेमतेम दीड टक्का झाले तरी स्फोटाला एक ठिणगी पुरते. शून्याखाली ४० अंश सेल्सिअसलाही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडत असल्यामुळे हवा थंड आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. डिझेलची वाफ इतक्या सहज पेटत नाही, तेव्हा डिझेल बोटींवर मुरलेल्यांचा सल्लाही इथे जपूनच घ्यावा.

सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे पेट्रोल भरून झाल्यावर पहिल्यांदा स्टार्टर मारण्याची. टाकीत पेट्रोल शिरते तेव्हा आतली वाफ व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, बाहेर ढकलली जाते आणि केबिनची खिडकी उघडी असेल तर सरळ आत येते. म्हणून भरताना प्रवासी खाली उतरवावेत, इंजिन, शेगडी आणि विजेची उपकरणे बंद ठेवावीत, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. भरून झाल्यावर मात्र सगळे उघडून ब्लोअर, म्हणजे तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा, किमान चार मिनिटे चालवावा आणि इंजिनाचे झाकण उचलून खाली वाकून वास घ्यावा. हा वास बोटीत बराच वेळ बसलेल्याने न घेता नुकत्याच बाहेरून आलेल्याने घेतलेला बरा, कारण नाक वासाला लवकर सरावते. वास येत असेल तर ब्लोअर आणखी चालवून भागत नाही. गळती सापडेपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. सुटी टाकी बोटीत ठेवून भरू नये. ती धक्क्यावर जमिनीला टेकवून, नोझल तोंडाला लावून भरावी, म्हणजे स्थितिक विजेची ठिणगी पडत नाही. टाकी काठोकाठ भरणेही टाळावे. शंभर लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापले की सुमारे दीड लिटरने फुगते आणि जागा नसेल तर व्हेंटमधून बाहेर येते.

देखभालीत मला सर्वाधिक खटकते ते मोटारीचे सुटे भाग बसवणे. स्वस्त पडते आणि बसतेही, म्हणून मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर लावला जातो. दिसायला दोन्ही सारखेच असतात; पण बोटीसाठीचा भाग आतल्या ब्रशांच्या ठिणग्यांनी बाहेरची वाफ पेटू नये अशा रीतीने बनवलेला असतो. बोटीच्या कार्बोरेटरमधून उतू जाणारे पेट्रोल इंजिनातच ओढले जाते, तर मोटारीच्या कार्बोरेटरमधून ते बाहेर ओघळते, आणि बोटीत बाहेर म्हणजे बिल्जमध्ये. बॅकफायरची, म्हणजे इंजिनातून उलट बाहेर येणारी, ज्वाळा रोखणारा फ्लेम अरेस्टर काढून तिथे साधा एअर फिल्टर लावणे तर शुद्ध अविचार आहे.

पेट्रोलच्या नळ्या बाहेरून ठणठणीत दिसतात, पण जुनी नळी गळत नसतानाही तिच्या रबरातून वाफ झिरपत असते. कोरडे, स्वच्छ फडके नळीवर घट्ट दाबून टोकापासून टोकापर्यंत फिरवावे आणि त्याचा वास घ्यावा. फडक्याला पेट्रोलचा वास आला की नळी बदलायची. वळणावर आणि क्लिपच्या कडेला बोटाने दाबून पाहावे, कारण चिरा आणि मऊपणा तिथे आधी येतो. नवी नळी आगीत काही काळ टिकणारी, आयएसओ ७८४० किंवा ‘ए१’ खूण असलेली असावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने हे काम वाढवले आहे. इथेनॉल जुने रबर आणि काही जुन्या फायबरग्लास टाक्यांची राळ मऊ करते; शिवाय ते पाणी ओढून घेते आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, नेमका इंधन उपसणाऱ्या नळीच्या तोंडापाशी. पाणी वेगळे करणारा फिल्टर म्हणूनच आवश्यक असून तो वेळेवर बदलला पाहिजे. आउटबोर्ड इंजिनवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. इंजिन बाहेर असले तरी डेकखालची टाकी आणि नळ्या बोटीतच असतात.

बोटमालकांना माझी विनंती आहे की दुरुस्तीच्या बिलावर प्रत्येक भागापुढे तो बोटीसाठीचाच असल्याचे लिहून घ्यावे आणि काढलेला जुना भाग मागून घेऊन नव्याशी ताडून पाहावा. विमा कंपन्यांनीही नूतनीकरणाच्या वेळी हीच बिले मागावीत.

आपला,
एक बोटधारक वाचक