कोंबड्यांना ‘सगळं’ घालू नका, कांदा तर नाहीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला परसबागेवरचा लेख वाचला. घरामागे चार कोंबड्या असाव्यात हा त्यातला आग्रह मला पटतो. माझ्याकडे सहा आहेत. पण ‘घरातलं उरलंसुरलं सगळं कोंबड्यांना घाला, त्यांची विष्ठा थेट वाफ्यात टाका, पुढचं निसर्ग पाहून घेईल’ हे वाक्य वाचलं आणि पेन हातात घेतलं. माझ्या कांद्याच्या बाबतीत तरी निसर्गाने काही पाहून घेतलं नाही.

आधी ‘सगळं’ या शब्दाबद्दल. त्यात कांद्याची सालं, पात, मऊ पडलेले कांदे हेही आलंच. कांद्यात गंधकाची काही संयुगं असतात. ती रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतात, पेशी फुटतात आणि पक्ष्याला रक्तक्षय होतो. कुत्र्या-मांजरांना कांदा घालू नये हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, कोंबड्यांचं मात्र कुणी बोलत नाही. शिजवल्यानेही हा दोष जात नाही, तेव्हा ताटात उरलेला कांदाही त्यांना नको. चुकून एखादी पाकळी चोचीत गेली म्हणून घाबरण्याचं कारण नाही. प्रश्न आहे रोजच्या टोपलीचा. तुरा फिका पडला, कोंबडी एका कोपऱ्यात मलूल बसून राहू लागली की आपण ऊन, पाणी, जंत असं सगळं तपासतो, पण टोपलीत काय होतं ते आठवत नाही. शिवाय कांदा भरपूर खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्याला त्याचा वास लागू शकतो, तो वेगळाच.

लेखासोबतच्या छायाचित्रात कांद्याच्या वाफ्यात एक गुबगुबीत कोंबडी उभी आहे. चित्र सुंदर आहे, पण तिच्या पायांखाली काय चाललं असणार ते मी सांगते. कांद्याची पात कोंबड्यांना सहसा आवडत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. मीही राहिले होते. त्या पातीसाठी येतच नाहीत, मातीसाठी येतात. नुकती रोपं लावलेला, भुसभुशीत, ओलसर वाफा म्हणजे उकरायला आयती जागा. आणि तोच वाफा जरा सुकला की अंगावर माती घेत लोळायला त्याहून बरी. कांद्याची मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरलेली असतात, त्याला खोलवरचा आधार नसतो. दोन कोंबड्या अर्ध्या तासासाठी खुराड्याबाहेर निसटल्या आणि माझ्या निम्म्या ओळी आडव्या झाल्या. रोपं खाल्लेली नव्हती, नुसती उपटून बाजूला टाकलेली होती. त्याचाच जास्त राग आला.

आता खताकडे येते, कारण माझी खरी फजिती तिथे झाली. कोंबडीची विष्ठा नत्राने गच्च असते. शेण पचायला जसं सौम्य, तशी ती नाही. तिच्यातल्या युरिक आम्लापासून अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं जळतात. पहिल्या वर्षी मी ताजी विष्ठा थेट रोपांच्या ओळीत पसरली आणि आठवड्याभरात पातीचे शेंडे करपले. दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं, पण अर्धवट: खत कुजवलं, मात्र कांदा पोसायला लागल्यावर प्रेमाने आणखी दोन घमेली घातलं. पात अशी जोमदार आली की बघणारे थांबायचे. पण माना जाडच राहिल्या, वेळेवर पडल्या नाहीत आणि काढलेला कांदा नीट सुकेना. असा जाड मानेचा कांदा टिकत नाही. मानेतूनच सडायला लागतो. कांदा धरायला लागला की नत्र बंद, हे मी तेव्हा शिकले.

आता मी खुराड्यातली विष्ठा आकारमानाने दुप्पट-तिप्पट कोरड्या पाचोळ्यात मिसळून ढीग लावते. ढीग निदान मीटरभर उंच आणि तितकाच रुंद असावा, नाहीतर तापत नाही. आतलं तापमान 55 अंश सेल्सियसपर्यंत चढलं पाहिजे, आणि बाहेरचा भाग आत जावा म्हणून ढीग अनेकदा उलथावा लागतो. मग तो थंड होऊन मातीसारखा दिसेपर्यंत काही महिने थांबायचं. अमोनियाचा वास येतोय तोवर खत तयार नाही. हा नुसता मुळांचा प्रश्न नाही. ताज्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि कांदा आपण कच्चाही खातो. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो त्याची काढणी आणि कच्चं खत यांत किमान 120 दिवसांचं अंतर सांगितलं आहे.

कोंबड्या वाफ्यात फिरतात तेव्हा त्या कच्चं खतच टाकत असतात, हे लक्षात घेतलं की वेळापत्रक आपोआप ठरतं. कांदा निघाला की मी वाफ्यातले चिंगळी कांदे, तुटकी पात, सडके तुकडे वेचून घेते आणि मग कोंबड्या सोडते. त्या मातीतल्या अळ्या, कांदामाशीचे कोष, तणाचं बी उकरून काढतात; माझ्या खुरपणीपेक्षा ते काम चोख असतं. (पातीच्या बेचक्यात दडलेल्या फुलकिड्यांचं मात्र त्या काही करू शकत नाहीत. ‘कोंबड्या सगळ्या किडी खातात’ हे लेखातलं आणखी एक ‘सगळ्या’.) पुढच्या लावणीच्या महिनाभर आधी त्यांना बाहेर काढते, वाफ्याला जाळी लावते आणि काढणीपर्यंत ती हलवत नाही. उडणाऱ्या कोंबडीचे एकाच पंखाचे लांब पर कातरले की तोल जातो आणि ती जाळीवरून येत नाही. दुखतही नाही, फक्त वाढत असलेलं, रक्त असलेलं पर कापू नये. नवे पर आले की पुन्हा पाहावं लागतं.

काढलेला कांदा सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे सुकवायचा असतो, तोही कोंबड्यांच्या आवाक्याबाहेर. उंचावर काही पसरलेलं दिसलं की त्यांना रात्री तिथेच बसायचं असतं.

कोंबड्या आणि कांदा एकाच अंगणात सुखाने नांदतात, माझ्याकडे नांदताहेत. लेखातल्या बाकीच्या गोष्टींबद्दल वाद घालता येईल, पण सालांचं तेवढं पुढच्या रविवारी दोन ओळींत दुरुस्त करून छापावं ही विनंती. तो लेख वाचून कुणीतरी आज टोपली घेऊन खुराड्याकडे निघालं असेल.

आपली,
एक नियमित वाचक