‘फक्त तीनच पायऱ्या’ असं न म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. निघताना तुम्ही म्हणालात, "यात माझं एकटीचं काही नाही. लिहिलंच तर आमच्या पहाऱ्यावरच्या दादांचं आणि सुतारकाकांचंही लिहा." म्हणून हे पत्र तिघांनाही आहे. पण सुरुवात तुमच्यापासून करते, कारण त्या दिवसाची सुरुवात तुमच्या फोनपासूनच झाली होती.

जुन्या वास्तूतलं तुमचं संग्रहालय बघायला यायचं म्हणून मी फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला होता, "व्हीलचेअरने आत येता येईल का?" या प्रश्नाला आजवर मला दोनच उत्तरं मिळत आली आहेत. एक, "नाही हो, इमारत जुनी आहे." दुसरं, "हो हो, या ना, सगळी सोय आहे." यातलं दुसरं जास्त महागात पडतं. नाही म्हटलं तर माणूस घरी बसतो. हो म्हटलं तर गाडी ठरवतो, सोबतीला कुणाची तरी सुट्टी मागतो, दोन तासांचा प्रवास करतो आणि दारात पोहोचल्यावर ऐकतो, "फक्त तीनच पायऱ्या आहेत. आमची माणसं उचलतील की."

माझी बॅटरीवरची खुर्ची रिकामी असतानाच शंभर किलोंच्या पुढे आहे. एका जुन्या इमारतीत चौघांनी मला तशीच खुर्चीसकट उचललं. त्यातल्या एकाने हाताच्या दांडीला धरलं. ती दांडी काढता-घालता येते, त्याला बिचाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ती त्याच्या हातात आली आणि मी एका अंगावर कलले. फार लागलं नाही, सगळ्यांनी माफीही मागितली. पण त्यानंतर तीन वर्षं मी जुन्या इमारतींच्या वाटेला गेले नाही. लहानपणापासून मला त्यांचं वेड आहे. जाड भिंती, आतला गारवा, दगडावर हात फिरवला की जाणवणाऱ्या छिन्नीच्या खुणा... ती तीन वर्षं मी नुसती चित्रं बघत काढली, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, "तुमच्या खुर्चीची रुंदी किती? वळायला किती जागा लागते? तुमच्यासकट वजन किती भरेल?" मी गडबडलेच. असं कुणी विचारलेलंच नव्हतं. रुंदी ६८ सेंटीमीटर, वळायला दीड मीटर, असं सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मी उद्या टेप घेऊन सगळी दारं मोजते आणि मग फोन करते."

आणि खरंच केलात. वीस मिनिटं तुम्ही मला नुसते आकडे सांगत होतात. पुढच्या पायऱ्या तीन, प्रत्येकी १५ सेंटीमीटर. त्यावर लाकडी रॅम्प आहे, लांबी साडेपाच मीटर. वर दारापाशी खुर्ची टेकवायला दीड मीटरची सपाट जागा. आतलं सगळ्यांत अरुंद दार ७६ सेंटीमीटर, पण तिथली भिंत जवळजवळ मीटरभर जाडीची. हे शेवटचं तुम्ही आपणहून सांगितलंत, तेव्हाच मला कळलं की फोनच्या पलीकडची व्यक्ती विषय जाणते. पातळ भिंतीतलं अरुंद दार एका क्षणात ओलांडून होतं. जाड भिंतीत त्याचं बोगद्यासारखं होतं. खुर्ची जरा तिरकी शिरली तर मध्ये सरळ करायला जागाच नसते आणि बोटांची सालं निघतात. तुम्ही म्हणालात, "त्या दारासमोर आधी पूर्ण सरळ व्हा, मग आत घ्या. घाई करू नका, मागे रांग लागली तर मी बघेन."

मग तुम्ही म्हणालात, "आता न होणारं सांगते. वरचा मजला. जिना गोल आहे, दगडी आहे, लिफ्ट नाही आणि सध्या होणारही नाही. तिथे तुम्हाला जाता येणार नाही."

ताई, या एका वाक्यासाठी मी तुमची सगळ्यांत जास्त ऋणी आहे. नकार आधी कळला, घरी कळला, कारणासकट कळला. मला ठरवता आलं. नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकचं ॲमस्टरडॅममधलं घर मी अजून पाहिलेलं नाही. पण तिथले लोक आधीच स्पष्ट सांगतात की संग्रहालयाच्या नव्या भागात चाकाची खुर्ची जाते, ती जिथे लपून राहिली त्या मागच्या घरात मात्र उभ्या चढणीच्या जिन्यांमुळे जात नाही. असं सांगितलेलं मला कधीच खुपत नाही. खुपतं ते दारात पोहोचल्यावर कळणं.

फोन ठेवताना तुम्ही आणखी एक विचारलंत. "मागच्या बाजूने एक सपाट वाट आहे, एकही पायरी नाही. पुढून रॅम्प आहे, थोडा लांब पडतो. कुठून यायला आवडेल?" मागच्या दारांशी माझी जुनी ओळख आहे. कचऱ्याचे डबे, सामानाच्या गाड्या, "जरा थांबा, किल्ली आणतो" म्हणून गेलेला माणूस. जी इमारत बघायला आपण आलो, तिचं दर्शनी तोंडच बघायला मिळत नाही. बांधणाऱ्यांनी सगळा जीव ओतलेला असतो त्या पुढच्या दारात, आणि आम्ही शिरतो कोठीतून. मी म्हटलं, "पुढून." तुम्ही म्हणालात, "छान. मग दादांना सांगून ठेवते."

आता रॅम्पबद्दल, कारण सुतारकाकांना मी मनासारखं काही बोलूच शकले नाही. उंचीच्या बारापट लांबी हा हिशेब कागदावर सगळ्यांना येतो. ४५ सेंटीमीटर चढायचे तर ५ मीटर ४० सेंटीमीटर. पण जागा नाही म्हणून तो अर्ध्यावर आणतात, आणि मग ती घसरगुंडी होते. चढताना खुर्ची मागे उलटेल की काय या भीतीने मी पुढे वाकून श्वास धरून बसते. काकांनी मापात कुठेही कसर केली नव्हती. दोन्ही कडांना चाक बाहेर जाऊ नये म्हणून उंच पट्टी होती. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट त्यांनी मला वाकून दाखवली. दगडात एकही खिळा नाही, एकही भोक नाही. रॅम्प स्वतःच्या पायांवर उभा, पायांखाली रबर, सगळे सांधे बोल्टचे. "उद्या उचलून नेला तर दगडाला ओरखडाही सापडणार नाही," ते म्हणाले.

‘वारसा की सोय’ असा वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हा रॅम्प एकदा वाकून बघावा असं मला मनापासून वाटतं. जुन्या वास्तूंच्या जतनाचा पाया मानली जाणारी १९६४ची व्हेनिस सनद म्हणते की वास्तू समाजाच्या उपयोगी पडत राहिली तर तिचं जतन सोपं होतं, मात्र त्यासाठी तिची मांडणी किंवा सजावट बदलू नये. दोन्ही अटी तुमच्या सुतारकाकांनी पाळल्या. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर, म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांपाशी, २००४च्या पॅरालिम्पिकच्या वेळी लिफ्ट बसवली गेली आणि २०२०च्या डिसेंबरमध्ये तिच्या जागी नवी आली. तिथे डोंगराचा कडा आहे. तिथे होऊ शकतं, तर तीन पायऱ्यांचं काय घेऊन बसायचं?

अपंगांच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला. त्याच्या तिसाव्या कलमात एक बारकावा आहे आणि तो मला फार दिवस टोचत होता. संग्रहालयं, नाट्यगृहं, ग्रंथालयं इथे आम्हाला प्रवेश मिळावा असं ते म्हणतं, सरळ, बिनशर्त. पण राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं आली की त्याला दोन शब्द जोडले आहेत, ‘शक्य तेवढा’. आता जुन्या वास्तूतलं संग्रहालय म्हणजे दोन्ही. त्याने कुठला नियम धरायचा? माझ्या अनुभवात बहुतेकांनी ‘शक्य तेवढा’च धरला आणि तोही ‘जेवढं आत्ता आहे तेवढा’ या अर्थाने. तुमच्याकडे मी पहिल्यांदा पाहिलं की शक्य काय आहे ते आधी टेप लावून मोजावं लागतं.

माझ्या मैत्रिणीबद्दल मी तुम्हाला फोनवर सांगायलाच विसरले होते, त्याबद्दल क्षमा करा. तिला अजिबात दिसत नाही. दारात दोघींना एकत्र बघून तुम्ही क्षणभर थांबलात आणि मग थेट तिलाच विचारलंत, "तुम्हाला माझा हात हवा की नुसता आवाज?" माझ्याकडे बघून तिच्याबद्दल विचारलं नाहीत. ही साधी गोष्ट किती जणांना जमत नाही, हे तिला विचारा.

मग दादांनी उंबरठ्यावरचा लाकडी उतार उचलून बाजूला ठेवला. माझी खुर्ची आत गेल्यावर, खास तिच्यासाठी. दगडी उंबरठा मधोमध झिजून खोलगट झालेला होता. दादा तिला म्हणाले, "इथे हात लावून बघा. एवढ्या माणसांचे पाय पडलेत." ती खाली बसली आणि बराच वेळ त्या खळग्यात तळवा फिरवत राहिली. काठाशी दगड खरखरीत, मधे साबणासारखा गुळगुळीत. नंतर ती म्हणाली, आतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा तिला तो उंबरठा जास्त कळला. इटलीत अँकोना इथे ओमेरो नावाचं संग्रहालय १९९३ पासून आहे. एका दृष्टिहीन दांपत्याच्या कल्पनेतून सुरू झालेलं, जिथे शिल्पं हातांनी बघायची असतात. तिथे जायचं तिचं फार दिवसांचं मनात आहे. त्या दिवशी परतताना तिने त्याचं नाव काढलं नाही, उंबरठ्याबद्दलच बोलत होती.

दालनांबद्दल थोडक्यात सांगते. पाट्या बसून वाचता येतील इतक्या खाली होत्या, काचेवर दिव्याची चमक येत नव्हती, आणि स्वच्छतागृहात बादल्या-झाडूंचं कोठार केलेलं नव्हतं. आग लागली तर मला कुठल्या दाराने बाहेर काढणार आणि खुर्ची सोडायची वेळ आली तर कोण कशावर उचलणार, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं, कारण उत्तराची भीती वाटायची.

आणि वरचा मजला. मला वाटलं होतं मैत्रीण वर जाईल आणि मी खाली बाकाशेजारी वाट बघत बसेन. सवयीची गोष्ट आहे. पण तुम्ही खालच्या खोलीत टेबल मांडून ठेवलं होतंत. वरच्या मजल्याचा लाकडी नमुना, छत उचलून आत बघता येईल असा. आणि छायाचित्रं. ती बघताना काहीतरी वेगळं जाणवत होतं, पण काय ते कळेना. तुम्ही म्हणालात, "मी स्टुलावर बसून काढलीत. तुमच्या डोळ्यांची उंची धरून." मग लक्षात आलं. खिडकीच्या कठड्यावरून बाहेरचं झाड अर्धंच दिसत होतं, छताचं नक्षीकाम जास्त दिसत होतं. वर गेले असते तर मला असंच दिसलं असतं.

तेवढ्यात मैत्रिणीचा वरून फोन आला. दादांच्या हाताला धरून ती जिना चढली होती. "एकतीस पायऱ्या," ती म्हणाली, "अठराव्या पायरीनंतर गार वारा लागतो, तिथे झरोका असणार. खोलीत बोललं की आवाज परत येतो. थांब, टाळी वाजवते." मी फोन कानाला लावून तिची टाळी ऐकली. मग ती प्रतिध्वनीवरून खोली केवढी असेल ते सांगत राहिली आणि मी नमुन्यावर बोट ठेवून ती कुठे उभी आहे ते शोधत राहिले. तुम्ही तिथून हळूच निघून गेलात, तेही मी पाहिलं.

मी डोळे पुसले ते तुम्हाला दिसलं की नाही माहीत नाही. दिसलं असेल तर, ते वाईट वाटल्यामुळे नव्हतं.

जाताना तुम्ही वही पुढे केलीत आणि म्हणालात, "काय चुकलं ते लिहा, आवडलं ते नंतर." तेव्हा माझ्याने काही लिहवलं नाही. आता लिहिते. रॅम्पच्या तळाशी रबराची कड एका बाजूने वर आली आहे, पुढचं लहान चाक त्यात अडखळतं. ७६चं दार खरं तर बिजागरीपाशी ७४च भरतं, मी परतताना मोजलं. आणि मैत्रिणीचं म्हणणं, लाकडी नमुन्यात अठराव्या पायरीजवळचा झरोका दाखवलेला नाही, तो काकांनी कोरावा.

दादांना नमस्कार सांगा. सुतारकाकांना सांगा, उतरतानाही मी श्वास धरला नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा येतोय. या वेळी तिघी. तिसरीची खुर्ची माझ्यापेक्षा रुंद आहे, ७२ सेंटीमीटर, आणि तिला उजवीकडे वळायला जास्त जागा लागते. ते दार तिला जमेल का, तेवढं बघून कळवा. नसेल जमत तर तसंही कळवा.

तुमची,
६८ सेंटीमीटरवाली पाहुणी