जबाबदारी डिस्पॅचच्या टेबलावरही असते

महोदय,

युद्ध, विज्ञान आणि साहित्यातली माणुसकी या विषयावर आपल्या दैनिकात चाललेली चर्चा अणुबाँबपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. तो बाँब जिथे बनला ते अमेरिकेतले लॉस अलामोस आपल्यापासून फार लांब आहे. लोटे-परशुराम, महाड, धाटाव इथल्या रासायनिक वसाहती मात्र आपल्या उंबऱ्याशी आहेत आणि कोकणात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली कितीतरी मुले-मुली तिथेच कामाला लागतात. आपले काम माणसे मारायला वापरले जाईल का, असा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच तर तो बाँबचा नसेल, ड्रममध्ये भरलेल्या एखाद्या साध्या रसायनाचा असेल.

हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची वाट जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने दाखवली. आपल्या भातखाचरात पडणारा युरिया त्याच वाटेने येतो. त्याच हाबरच्या देखरेखीखाली पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्रजवळ सुमारे ५,७०० सिलिंडरांमधून दीडशे टनांवर क्लोरीन हा विषारी वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला गेला. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड. तो वर निघून जात नाही, जमिनीलगत सरकत येतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणजे जीव वाचवायला खणलेले खंदकच आधी भरले. चार दिवसांनी त्याच आघाडीवर ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या लाहोर डिव्हिजनचे हिंदी शिपाई चढाईला गेले, तेव्हा त्यांच्यावरही वायू आला. हाबरची पत्नी क्लारा इमरवार ही स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टरेट. २ मे रोजी तिने नवऱ्याच्याच पिस्तुलाने जीवन संपवले. तिच्या मनात काय होते यावर इतिहासकारांचे एकमत नाही, तेव्हा तिच्या मृत्यूवरून कुणी व्याख्यान झोडू नये. हेर्मान श्टाउडिंगरचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. पुढे पॉलिमरच्या कामासाठी नोबेल मिळवणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाने पहिले महायुद्ध चालू असतानाच वायुयुद्धाविरुद्ध आवाज उठवला आणि हाबरचा रोष ओढवून घेतला. ‘त्या काळी सगळेच तसे वागत होते’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

साहित्याने आपला वाटा उचलला. मुखवटा वेळेत न चढवता आलेल्या शिपायावर त्याच युद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीने कविता लिहिली. क्लोरीनची घनता पाठ्यपुस्तकात सापडते. तो फुप्फुसात पाणी भरून माणसाला कोरड्या जमिनीवर बुडवतो, हे समजायला ती कविता लागते. पण कविता वाचून हळहळलेल्या मुलाने सोमवारी प्लांटवर जाऊन नेमके काय करायचे, हे कवी सांगू शकत नाही. ते आम्ही शिकवणाऱ्यांनी सांगायला हवे, आणि आम्ही ते सांगत नाही.

थायोडायग्लायकॉल घ्या. बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगाईत लागणारा हा द्राव तसा निरुपद्रवी. पण मस्टर्ड वायूचा, म्हणजे कातडी आणि फुप्फुसे भाजणाऱ्या युद्धातल्या विषाचा, तो कच्चा मालही आहे. फ्रान्स फान आन्राट या डच व्यापाऱ्याने १९८०च्या दशकात सद्दामच्या इराकला तो हजार टनांहून अधिक पुरवला. १६ मार्च १९८८ रोजी इराकमधल्याच हलब्जा या कुर्दी गावावर सद्दामच्या फौजेचा वायुहल्ला झाला, त्यात हजारो माणसे मेली. माल कापड उद्योगासाठी आहे असे वाटले, हा फान आन्राटचा बचाव होता. डच न्यायालयाने तो फेटाळला आणि २००५ साली युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती वाढली. त्याने एकही ग्रॅम वायू बनवला नव्हता. त्याने माल पाठवला होता.

रासायनिक शस्त्रबंदीचा करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू आहे आणि आपल्याकडे त्यासाठी २०००चा कायदा आहे. त्यात रसायनांच्या तीन अनुसूची आहेत. पहिलीत मुख्यतः प्रत्यक्ष शस्त्रे. थायोडायग्लायकॉल दुसरीत; करारात नसलेल्या देशाला ते विकताच येत नाही. तिसरीत आपल्या ओळखीची नावे येतात: थायोनिल क्लोराईड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराईड, ट्रायइथॅनॉलअमाइन. औषधे, कीटकनाशके, सौंदर्यप्रसाधने यांसाठी ती रोज वापरली जातात. करारात नसलेल्या देशाला ती पाठवायची तर तिथल्या सरकारी यंत्रणेचे अंतिम वापराचे प्रमाणपत्र आधी हातात हवे. इजिप्त, इस्रायल, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान एवढेच देश आज कराराबाहेर आहेत, म्हणून धोका संपला असे वाटते. तसे नाही. माल एका देशाच्या नावाने निघतो आणि बंदरावर नाव बदलून दुसरीकडे वळतो.

गफलत होते ती बहुतेक वेळा नावात. एकाच रसायनाची व्यापारी नावे पाच-सहा असतात, आणि पर्चेस ऑर्डरवर त्यांतले कोणतेही असू शकते. म्हणून नाव पाहू नये, सी.ए.एस. क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला जगभर एकच असलेला नोंदणी क्रमांक, पाहावा. थायोडायग्लायकॉलचा १११-४८-८. ड्रमवरचे लेबल, विश्लेषणाचा दाखला, सुरक्षा माहितीपत्रक आणि शिपिंग बिल या चारही ठिकाणी तोच क्रमांक आहे का, हे ताडून पाहायला पाच मिनिटे पुरतात. मग ग्राहक. त्याच्या धंद्याला एवढा माल लागतो का? शाईचा छोटा कारखाना वीस टन मागतो तेव्हा थांबायला हवे. घेणारी नुसती ट्रेडिंग कंपनी आहे, पोचवायचा पत्ता फॉरवर्डरच्या (माल पुढे पाठवणाऱ्या एजंटाच्या) गोदामाचा आहे, वापर विचारला की उत्तर मोघम येते, मूळ लेबल काढून पाठवा म्हणतात, भाव न करता सगळे पैसे आगाऊ देतात: यांतले एक लक्षण असले तर फोन करून विचारावे, दोन-तीन एकत्र दिसली तर माल गेटबाहेर काढू नये. एकच मागणी चार नावांनी तुकडे करून येते, तेव्हा प्रत्येक तुकडा निर्दोष दिसतो. म्हणून सुट्या ऑर्डरी न पाहता वर्षाची खतावणी काढून पाहावी.

यंत्रसामग्रीलाही हे लागू आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. लोट्यात पावलोपावली दिसणारा ग्लास लाइन्ड रिॲक्टर, म्हणजे आतून काचेचा थर दिलेले रसायने बनवण्याचे पात्र, १०० लिटरपेक्षा मोठा आणि २०,००० लिटरपेक्षा लहान असेल, तर तो स्कोमेट यादीत, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात करता न येणाऱ्या मालाच्या सरकारी यादीत, बसतो. जुना रिॲक्टर भंगारात काढून परदेशी विकतानाही परवाना लागतो.

हे सगळे नियम कागदावर आहेत. खरी अडचण माणसांची आहे. डिस्पॅचला बसवलेला असतो वर्षा-दोन वर्षांच्या अनुभवाचा, बहुधा कंत्राटावरचा मुलगा. कंटेनर न्हावा-शेव्याला रात्रीत पोचायचा असतो, ड्रायव्हर गेटवर खोळंबलेला असतो. अशा वेळी ‘थांबा’ म्हणण्याची हिंमत एकट्याच्या सद्सद्विवेकावर सोडणे हा त्या मुलावर अन्याय आहे. शंका कुणाला कळवायची ते नाव आणि फोन नंबर भिंतीवर असला पाहिजे, आणि माल रोखल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही हे नेमणूकपत्रात लेखी असले पाहिजे. रसायनशास्त्रज्ञांसाठी २०१५ साली हेग येथे नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आहेत. मराठीत ती अजून वर्गात पोचलेली नाहीत.

मुंबई विद्यापीठाने बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग याचा ठेवावा: मुलांपुढे काल्पनिक ऑर्डरींचे दहा संच ठेवावेत, त्यांतून अडवण्याजोग्या शोधायला लावाव्यात आणि कारणे जर्नलमध्ये लिहून घ्यावीत. त्याला ना ब्युरेट लागते, ना रसायन. आणि लोटे, महाड, धाटाव इथल्या उद्योजक संघटनांनी तिन्ही अनुसूचींतली आपल्या भागात हाताळली जाणारी रसायने सी.ए.एस. क्रमांकांसह मराठीत छापून प्रत्येक डिस्पॅचच्या टेबलावर काचेखाली लावावीत. छपाईचा खर्च एका ड्रमच्या किमतीइतकाही येणार नाही.

आपला,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक,
खेड, जि. रत्नागिरी