पांढरे, पण पळणारे

सांगली
१२ एप्रिल

प्रिय मंदा,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी वळीव आला. वारा, धूळ, गारा, लाइट गेलेली. अर्ध्या तासात अंगणाचं तळं. तासगावला धाकट्या भाऊजींचा बेदाणा शेडवर वाळत होता, तो भिजून निम्मा काळा पडला. त्यामुळे इथे कुणासमोर 'काय छान पाऊस' म्हणायची सोय नाही. तुला म्हणते, छान होता गं.

चौथ्या दिवशी कुंपणाशी ती गुलाबी लिली, तू दिलेले कांदे, एका रात्रीत वीसेक उभी! एरवी नळाचं कितीही पाणी घाला, ढिम्म. पाऊसच लागतो बाईला. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या मात्र गारांनी झोडून काढल्या.

पण खरी गोष्ट जास्वंदीची. शेंड्यांना पिठ्या ढेकूण, म्हणजे तो पिठासारखा पांढरा, रस शोषणारा किडा, लागलेला, खालची पानं चिकट होऊन काळी पडलेली आणि खोडावर मुंग्यांची रीघ. ढेकूण सोडतात तो चिकटा गोड असतो ना, म्हणून मुंग्या त्या ढेकणांची राखण करतात, गवळ्यानं म्हशी सांभाळाव्यात तशा. मी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन बसले. दोन सकाळी घासघास घासलं. तिसऱ्या दिवशी ब्रशखालून एक पांढरा चक्क पळाला. पिठ्या ढेकूण कसला पळतोय, मुलखाचा आळशी!

भाऊजींना फोन केला. बेदाण्याच्या दुःखात होते, तरी हसले. "वहिनी, तो आपला माणूस. क्रिप्टोलेमस." द्राक्षबागेत हा ढालकिडा पैसे देऊन आणून सोडतात म्हणे. मोठा झाला की काळ्या पाठीचा, नारिंगी डोक्याचा, तुरीच्या दाण्याहून लहान. अळी असताना मात्र पिठ्यासारखीच पांढरी झालर पांघरतो, त्यांच्यातच बसतो आणि त्यांनाच खातो. १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे आणला होता. माझ्या जास्वंदीवर फुकट आलेला, आणि मी दोन दिवस त्याला ब्रशनं चिरडत होते. किती मारले, देव जाणे.

आता ब्रश ठेवून दिलाय. भाऊजींच्या सांगण्यावरून खोडाला ग्रीस लावलेली पट्टी तेवढी गुंडाळली, म्हणजे मुंग्यांची राखण बंद. त्या पट्टीपाशी येऊन घोटाळतात, मिशा हलवतात, परत जातात. चहाचा कप घेऊन मी तेच बघत बसते. हे म्हणतात, टीव्हीचं बिल वाचलं.

लिंबावरही पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत. हात लावला की डोक्यामागून शिंगं काढतात आणि घाण वास सोडतात. फुलपाखराच्या आहेत, म्हणून ठेवल्यात. झाड मोठं आहे, खाऊ देत चार पानं.

मे महिन्यात येशील तेव्हा तुझं ते भिंग आण. माझ्या चष्म्यातून सगळे पांढरे सारखेच दिसतात, पळेपर्यंत.

तुझी,
कुसुम